पहिल्यांदा बिबा उतत नाही

भाग्यलक्ष्मी फोनवर कधी रडत नाही. त्या दिवशीही रडली नाही. फक्त म्हणाली, "वदिना, तुम्ही या. अत्तम्मा बाळाला बिबा लावायचं म्हणतात." माझी ही भावजय मंचेरियलची, तेलुगू घरातली. नणंदेला वदिना म्हणते, सासूला अत्तम्मा. सासूला नाही म्हणणं तिच्या जिभेवर येत नाही. मी हैदराबादहून सकाळची बस धरली आणि दुपारी नेरडीगोंड्याच्या फाट्यावर उतरले.

घरी ती लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. माझी आई, जयवंताबाई, लांब भिंतीला टेकून बाळाला, प्रज्वलला, मांडीवर थोपटत होती. कैरी चिरली की मायची बोटं फुटतात, म्हणून ते काम कधी तिच्याकडे नसतं. उष्णतेचं अंग आहे, असं घरात सगळे म्हणतात.

प्रज्वल काही महिन्यांचा. दूध प्यायला की पाय पोटाशी ओढून रडायचा. मी पाहिलं तर पोट मऊ होतं, ताप नव्हता, वजन चांगलं होतं. माझ्या भावाने, राजकुमारने, त्याला डॉक्टरांनाही दाखवून आणलं होतं. गॅस आहे, दूध पाजल्यावर खांद्यावर उभा धरा, एवढंच ते म्हणाले. मायच्या लेखी हे काही औषध नव्हतं. तिचं औषध कोनाड्यात होतं. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की बेंबीभोवती त्याचे ठिपके द्यायचे. गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली आहेत. मीही. माझ्या बेंबीभोवती अजून फिकट खुणा आहेत.

मी नको म्हणाले, तर माय हसली. "तू त उंदराची डॉक्टर. माणसाच्या लेकराचं आमाले समजते."

ते अगदी खोटं नव्हतं. मी उंदरांवर प्रयोग करून पेशी कशा मरतात याचा अभ्यास करते. काही पेशी स्वतःला आवरून, शेजारी कळू न देता मरतात. काही फुटतात. त्यांच्या आतलं बाहेर सांडतं आणि शरीराची पहारेकरी फौज धावून येते. लाली, सूज, आग ही त्या धावपळीची खूण. बिब्याचं तेल कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि आपलीच कातडी फौजेला परकी दिसू लागते. फौज ती ओळख विसरत नाही. पुढच्या वेळी थेट मारायला येते.

हे सगळं मी मायला सांगितलं नाही. बाही वर केली आणि म्हणाले, आधी मला लाव, परवापर्यंत थांब, मग बोलू.

तिने ठिपका दिला. मला लहानपणी लावला तेव्हा डागांपलीकडे काही झालं नव्हतं, आताही होणार नाही, याची तिला खात्री होती. माझी खात्री उलट होती. मधल्या वेळात भाग्यलक्ष्मी प्रज्वलला प्रत्येक दुधानंतर खांद्यावर धरत होती. तो रडायचा, पण कमी.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल होता. ठिपक्याच्या जागी पाण्याचे फोड धरले होते. मायने हात उजेडात नेला, बराच वेळ पाहिला, आणि मुद्दा सोडला नाही.

"तुले उतला, कारण तुले पह्यले लावला होता. लेकराची पह्यलीच बारी हाय. पह्यल्या बारीले कोणालेच एवढा उतत नाही. मी का आज लावून राह्यली?"

तिचं निरीक्षण चोख होतं. मी तेच ऐकायची वाट पाहत होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पहिल्यांदा फक्त ओळख होते. पण ती ओळख जन्मभर राहते, माय. आणि आंब्याच्या चिकातही बिब्यासारखंच तेल असतं. फौजेला दोघं एकच वाटतात. मी आंबा खाल्ला की ओठ का सुजतात? आणि बिब्याचं तेल जन्मभर कोणाच्या बोटांना लागत आलंय?"

तिने बोटांकडे पाहिलं. मग कैऱ्यांच्या टोपलीकडे. कितीतरी उन्हाळे तिने लांब बसून काढले होते.

"म्हंजे उष्णता नाही?"

"नाही."

"मंग इतक्या पोरांले म्या..." पोरं तर जगली, मोठी झाली, आणि सगळ्यांनाच असं होत नाही, एवढं मी सांगितलं. खरं तेच होतं. तिने मान हलवली.

दुपारी शेजारच्या कौशल्याबाई नातवाला घेऊन आल्या. तोही पोट धरून रडत होता. भाग्यलक्ष्मी कैरी चिरायची थांबली. माय उठली, कोनाड्यातला बिबा काढला. तिने तो फडक्यात धरून दोऱ्यात ओवला, लिंबू-मिरचीच्या खाली, आणि दाराच्या चौकटीला टांगला. मग हात धुऊन कौशल्याबाईंचं बाळ घेतलं आणि आपल्या खांद्यावर उभं धरलं.

"बिबा काऊन नाही लावून राह्यल्या, जयवंताबाई?" कौशल्याबाईंनी विचारलं.

माय बाळाची पाठ थोपटत होती. "राहू द्या," ती म्हणाली. "आंबा खाऊ द्या त्याले."