शेवटच्या जागेची हाक

आमच्या घरात कुठूनही निघताना हाक मारायची रीत आहे. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरणारे. एक मुक्काम सोडून दुसरीकडे जाताना घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्या जागेकडे पाठ करून उभं राहायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं "आलो" म्हणायचं, बाईनं "आले" म्हणायचं. सगळ्यांची उत्तरं आली की चालायला लागायचं आणि मागे बघायचं नाही. माणूस पुढे जातं आणि त्याचं काहीतरी त्या जागेत राहतं, ते राहू नये म्हणून ही हाक. आता आमच्याकडे मेंढरं नाहीत. माझं थोडं शेत आहे, आणि मुलगा रविकुमार बसवकल्याणला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तरी लग्नाला गेलो, जत्रेला गेलो, की गाडीत बसायच्या आधी मी हाक मारतोच.

हाकेचा क्रम ठरलेला होता. आधी रवी, मग सून भाग्यलक्ष्मी, आणि सगळ्यात शेवटी माझी बायको नागूबाई. ती शेवटी, कारण ती नेहमी मागेच असायची. डबे गोळा करत, कुणाचं काही राहिलं का बघत. तिचं "आले" जरा लांबून यायचं आणि जरा वैतागलेलं असायचं.

मागचा पाऊस संपता संपता नागू गेली. ताप आला आणि उतरलाच नाही. त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही. मग हाक कुणाला मारणार?

यंदा रवीनं एका संस्थेमार्फत दोन परदेशी विद्यार्थी घरी ठेवून घेतले. मुलगा थियागो, ब्राझीलचा. तो आल्या दिवसापासून सगळ्यांशी बोलायचा, समोरच्याला समजो न समजो. मुलगी आयनो, फिनलंडची, ती त्याच्यानंतर आठवड्यानं आली. गोरीपान, उंच, गप्प. 'पाणी', 'बास' आणि 'छान' एवढ्या तीन शब्दांवर तिचं आमच्या घरात सगळं भागायचं. दोघंही मला रवीसारखंच अप्पा म्हणायची. उन्हाळा लागला तसा रवी म्हणाला, पोरं घरात किती बसतील, दर रविवारी कुठेतरी नेऊ. पोरांचं नाव पुढे केलं होतं, पण मला घराबाहेर काढायचं त्याच्या मनात होतं, हे मला कळत होतं.

पहिल्यांदा आम्ही जवळच त्रिपुरांत तळ्यावर गेलो. भाग्यलक्ष्मीनं ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि तळलेल्या मिरच्या घेतल्या होत्या. थियागोनं पैज लावून मिरची खाल्ली आणि डोळे पुसत हसत बसला. ऊन कललं, आम्ही निघालो, तेव्हा रवीनं दोघांना हाकेची रीत समजावून सांगितली. थियागोला ती फार आवडली. त्यानं "आलो" म्हणायचा सराव केला. मग मी तळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. रवी. भाग्यलक्ष्मी. थियागो. आयनो. आयनो सगळ्यांत शेवटी घरात आली म्हणून तिला शेवटी ठेवली. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आयनोचं वाकडंतिकडं "आले" ऐकून सगळे हसले. तिथं हाक संपली होती. पण माझ्या जिभेला सवय होती, ती थांबली नाही.

"नागू," मी म्हणालो.

आणि उत्तर आलं, "आले." जरा लांबून, जरा वैतागून.

भाग्यलक्ष्मीचा हात तोंडावर गेला. मग तीच म्हणाली की आयनोला वाटलं असेल, परत तिलाच हाक मारली. आयनो टोपी हातात धरून उभी होती आणि काय झालं म्हणून आमच्या तोंडाकडे बघत होती. रवीनं तिला इंग्रजीत विचारलं. मी एकदाच बोलले, असं तिचं म्हणणं. थियागो म्हणाला, नाही, दुसऱ्यांदासुद्धा हिचेच ओठ हलले, मी बघितलं. मग दोघांत थोडी थट्टा झाली आणि विषय तिथंच राहिला.

त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवलो.

पुढच्या रविवारी जलसंगीचं देऊळ बघायला गेलो. भिंतीवर दगडात कोरलेल्या बाया आहेत, कुणी आरसा धरलेली, कुणी पायातला काटा काढणारी. आयनो एकेकीपुढे बराच वेळ उभी राहिली. निघताना मी या वेळी मुद्दाम, सगळ्यांच्या शेवटी, नागूचं नाव घेतलं. रवीनं माझ्याकडे बघितलं, पण अडवलं नाही. म्हाताऱ्या बापाचं मन मोडू नये असं त्याला वाटलं असावं. "आले" ऐकू आलं. पहिल्यापेक्षा जवळून. मला भुताखेतातलं काही कळत नाही. पण ज्या आवाजाबरोबर मी सगळा संसार केला, तो मला कळतो.

त्यानंतर सहली मीच मागायला लागलो. आता कुठं जायचं, असं बुधवारीच विचारायचो. अप्पा माणसात आले म्हणून घरात आनंद झाला. भाग्यलक्ष्मीनं फोन करून माहेरीसुद्धा सांगितलं.

बीदरला नरसिंह झरणीला गेलो. तिथं डोंगरातल्या बोगद्यातून छातीएवढ्या पाण्यात चालत देवापर्यंत जावं लागतं. वर वटवाघळं लटकलेली असतात. थियागो देवाचं नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटत चालला होता. आयनो मात्र पुढे होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, भीती नव्हती आणि मजाही नव्हती. बाहेर येऊन मी हाक मारली तेव्हा आयनोच्या नावाला उत्तर आलं नाही. ती माझ्या मागेच उभी होती, ओल्या कपड्यांचं पाणी फरशीवर टपकत होतं. मी परत तिचं नाव घेतलं नाही. मी नागूचं घेतलं. "आले," माझ्या खांद्यापाशी कुणीतरी म्हणालं.

घरी बदल दिसायला लागला. आयनो पहाटे उठून अंगणात पाणी शिंपडायला लागली. भाग्यलक्ष्मीला वाटलं, पोरगी रुळली. थियागो रवीकडे तक्रार करायला लागला की ही माझ्याशी इंग्रजीत बोलत नाही, परवा माझी चप्पल उलटी पडली होती तर रागावली. उलटी चप्पल नागूला कधी चालली नाही. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तर आयनो माझी रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. गोळ्या कुठं असतात हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. मी बघतच राहिलो.

"घ्या की," ती म्हणाली. "कामून बघायलाव?"

मी गोळी घेतली. रवीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं सहली बंद केल्या असत्या.

मग एका दुपारी आयनोच्या आईचा व्हिडिओ फोन आला. दर शनिवारी यायचा, आणि आयनो आत जाऊन तासभर बोलायची. त्या दिवशी ती माजघरात शेंगा फोडत बसली होती. थियागोनं फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर एक बाई हसत होती, लेकीसारखेच पांढुरके केस. आयनोनं तिच्याकडे बघितलं, आपण दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो तसं. मग तिनं फोन भाग्यलक्ष्मीच्या हातात दिला आणि परत शेंगा फोडायला लागली. ती बाई लेकीचं नाव घेत राहिली. आयनो, आयनो. थियागो उठून बाहेर गेला. रवीनं फोन घेतला, इंग्रजीत काहीबाही बोलला, उन्हाचा त्रास झालाय असं सांगितलं असेल. पुढच्या आठवड्यात तिचं विमान होतं.

शेवटची सहल निंबर्ग्याला, माझी थोरली बहीण रुद्रम्मा हिच्या आमराईत ठरली होती. अक्कानं आंबे उतरवून ठेवले होते. थियागो पोत्यापाशीच बसला. अक्कानं आयनोला जवळ बोलावून तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि निरखून बघितलं. हसली नाही. मग मला विहिरीकडे घेऊन गेली आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. कुठं कुठं गेलाव, हाक कोण मारतं, क्रमात ही कुठं. शेवटी, म्हणून मी सांगितलं.

अक्का खालीच बसली. ती म्हणाली की गेलेल्या माणसाची जागा वर्षभर रिकामी ठेवायची असते, त्या जागी घरातल्या माणसालासुद्धा उभं करत नाहीत, आणि आम्ही तर दुसऱ्याची लेक उभी केली, वर जुनं नाव घेऊन हाका मारल्या. आपल्या बापानं कधी सांगितलं नाही का, म्हणाली. सांगितलं असेल, मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, अक्का, आवाज तिचाच आहे, तू एकदा ऐक तरी.

"तुझी बायको फिनलंडला धाडायलास व्हय रे, लिंगू?" ती म्हणाली. "त्या माउलीच्या दारात कोण उतरल?"

तिला दोन नातवंडं विहिरीकडे येताना दिसली, त्यांना तिनं हाकलून लावलं.

"तुला आवाज पायजे म्हून तिची लेक द्यायलास," अक्का म्हणाली. "तूच बोलिवलीस. तूच सांग तिला. दुसऱ्याचं ऐकायची न्हाई ती."

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून मी नागूला कुठंही ठेवून घरी आलो नव्हतो. भांडून निघालो तरी पुढच्या वळणावर थांबायचो.

दिवस मावळायला आला. पिशव्या, डबे, आंब्याची पोती सगळं गाडीत भरून झालं. अक्का बांधावर उभी राहिली. मी आमराईकडे पाठ केली.

रवी. आलो. भाग्यलक्ष्मी. आले. थियागो. आलो. त्यानं या वेळी गंमत केली नाही.

मी आयनोचं नाव घेतलं. उत्तर नाही. ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती, हात लोंबकळत, डोळे उघडे. मी परत नाव घेतलं. भाग्यलक्ष्मी रडायला लागली. रवीनं तिला हलवायला हात पुढे केला, तर अक्कानं लांबूनच त्याला खुणेनं थांबवलं. मी तिसऱ्यांदा म्हणालो, आयनो.

"आले," मागून आवाज आला. झाडांखालून. आयनोचं तोंड मला दिसत होतं, ते हललं नव्हतं.

मी नागूला हाक मारलेली नव्हती. आणि या वेळी आवाजात वैताग नव्हता. घरात आम्ही दोघंच असलो की ती बोलायची, तसा होता. मला वळून बघायचं होतं. एकदा बघितलं तर काय होईल, असं मनात आलं. उजवीकडे त्या पोरीच्या मानेवर घाम आला होता आणि माशी बसली होती, तरी ती माशी हाकलत नव्हती.

"नागू," मी म्हणालो. "तू ऱ्हा. तू यायचं न्हाई."

पानंसुद्धा हलत नव्हती. माझ्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं, आणि मग पाचोळ्यावर पावलं वाजली, सावकाश, लांब जाणारी. मी ती संपेपर्यंत ऐकली.

मग मी आयनोला हाक मारली.

तिनं मानेवरची माशी झटकली. आमच्या सगळ्यांकडे बघून इंग्रजीत काहीतरी विचारलं. रवी म्हणाला, अप्पा, ती विचारतेय, सगळे तिच्यासाठी थांबलेत का. मी मान हलवली. ती ओशाळली आणि म्हणाली, "आले." वाकडंतिकडं, तळ्यावर म्हणाली होती तसं.

आम्ही निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. खजुरी गावाच्या पुढे गेल्यावर आयनोनं थियागोचा फोन मागून घेतला आणि आईला लावला. ती तिच्या भाषेत बोलत होती, मधेच रडत होती, मधेच हसत होती. मला एक अक्षर कळलं नाही. गाडी चालली होती तोवर ती बोलतच राहिली.

भाग्यलक्ष्मीनं मागच्या सीटवरून मला विचारलं, मामा, पाणी देऊ का. मला तहान लागली होती. मी नको म्हणालो. घ्यायला मान मागे वळवावी लागली असती.