पन्नासच्या वर

पोत्याला गुडघा लावून गुंडाआबांनी ते जरासं ढकलून पाहिलं आणि तिथंच थबकले. मग दुसऱ्याला गुडघा लावला, तिसऱ्याला लावला, चौथ्यालाही लावला. चारही पोती हळदीनं गच्च भरलेली, तोंडं शिवलेली, आणि प्रत्येकावर झेंडूचा हार. काट्यावर चढवायची गरजच नव्हती. सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षं हमाली केलेल्या माणसाचा गुडघा वजनाच्या बाबतीत सहसा चुकत नाही.

"क्विंटलची हायती ही," ते शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकाला म्हणाले.

अर्जुनाही त्याच बाजारात हमाल. त्याच्या पाठीवर चार नंबरचं कापड पिनांनी टाचलेलं होतं. आबांनी एकदा त्या कापडाकडं पाहिलं, एकदा मांडवावरच्या फलकाकडं. 'कॉम्रेड भाऊसो जन्मशताब्दी. भव्य श्रमवीर शर्यत. पोतं पाठीवर, शंभर पावलं. प्रथम बक्षीस मोटारसायकल.' आबांना शाल द्यायला बोलावलंय एवढंच अर्जुनानं घरी सांगितलं होतं. आबांच्या बायकोनं, शालूबाईंनी, त्यासाठी सकाळी उठून टोपीला इस्त्री केली होती. शर्यतीचं अवाक्षर काढलं नव्हतं.

"भाऊसोच्या नावानं क्विंटल?" आबांनी विचारलं.

"एकदाच तर न्यायचंय, आबा," अर्जुना जमिनीकडं बघत म्हणाला.

एकदाच. आबांचा धाकटा भाऊ हरिबासुद्धा एकदाच घसरला होता.

त्या काळी क्विंटलचंच पोतं असायचं. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं आणि त्यानं ते फळीवरून चढत थप्पीवर नेऊन टाकायचं. बावीस वर्षांचा हरिबा फळीवरून पोत्यासकट खाली आला आणि पोतं त्याच्या मानेवर पडलं. व्यापारी धावत आला, त्यानं आधी पोतं फाटलंय का ते पाहिलं. हे आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणालाही सांगताना त्यांचा आवाज चढल्याशिवाय राहिला नव्हता.

भाऊसो त्याच सुमारास आले. पलूसकडचे मास्तर, नोकरी सोडून बाजारात येऊन बसलेले. दुपारी माल उतरून झाला की गोदामाच्या पायरीवर बसून लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकांतून वाचून दाखवायचे. भांडवल, वर्ग, शोषण असले शब्द आले की निम्मे हमाल डुलक्या काढायचे, आबासुद्धा. पण एके दिवशी भाऊसोंनी पुस्तक मिटलं आणि साध्या भाषेत बोलले. "गड्यांनो, हे वझं देवानं न्हाई ठिवलं. माणसानं ठिवलंय. माणसानं ठिवलेलं माणसाला उतरवता येतंय." त्या दिवशी कुणी डुलकी काढली नाही.

संप चाळीस दिवस चालला. बायकांनी गल्लीत भाकरी मागून चुली पेटवल्या. शेवटी पोतं पन्नास किलोवर आलं. व्यापारी काही एका दिवसात सुधारणारे नव्हते, मधूनच साठाचं, सत्तरचं भरून पाठवायचे. त्यावर भाऊसोंनी रीत घालून दिली. जड पोतं ज्याच्या वाट्याला येईल त्यानं त्यावर बसायचं. घोषणा नाही, शिवी नाही, हात उगारायचा नाही. पोतं फोडून दोन केल्याशिवाय उठायचं नाही, बस्स. गुंडाआबा आयुष्यात अकरा वेळा असे बसले होते, एकदा तर भर उन्हात संध्याकाळपर्यंत.

संघटनेचे सध्याचे अध्यक्ष वीरधवल मंडपात आले तेव्हा आबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. वीरधवल कॉलेज शिकलेले, बोलायला गोड. हाताला घट्टे असतील तर ते मोबाइल धरून पडलेले. बक्षिसाची गाडी व्यापारी मंडळानं दिली होती आणि त्याचं त्यांना कोण कौतुक. आबांनी पोत्यांचं वजन काढताच त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, ही श्रद्धांजली आहे. भाऊसोंनी आयुष्यभर हमालांचं ओझं वाहिलं. आजच्या पिढीला ते कळायला नको?"

"भाऊसोनं कवा पोतं उचललं न्हाई," आबा म्हणाले. "त्यानं ते उतरवलं. तुमी परत चढवाय लागलाय."

वीरधवल हसले. काही माणसांना राग आला तरी हसताच येतं. शर्यतीनंतर आपण निवांत बोलू, पाहुणे आलेत, आधी शाल घेऊ, असं म्हणत त्यांनी आबांना व्यासपीठाकडं वळवलं. आबा दोन पायऱ्या चढले. वर भाऊसोंचा मोठा फोटो होता, आणि त्याच्याखाली ओळीनं खुर्च्यांवर ज्या व्यापाऱ्यांनी संपात दाणा मिळू दिला नव्हता त्यांची नातवंडं बसली होती. आबा वळले, खाली उतरले, सरळ चार नंबरच्या पोत्याजवळ गेले, त्याच्यावरचा हार काढून शेजारी नीट ठेवला आणि पोत्यावर बसले.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एक पोरगी पाण्याची बाटली घेऊन आली. कुणी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. कर्ण्यावरून निवेदक म्हणाला, की आपले ज्येष्ठ हमाल जरा थकलेत, वय झालंय, त्यांच्यासाठी टाळ्या. टाळ्या झाल्यासुद्धा. आबांना ते हरिबा पडल्यावर आधी पोतं बघणाऱ्या त्या व्यापाऱ्यासारखंच लागलं. थकलो म्हणून पोत्यावर बसायची पाळी त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. आणि समोर उभ्या शंभरभर हमालांपैकी एकालाही हे बसणं काय आहे ते ओळखता येऊ नये, याची त्यांना चीड आली.

एकाला मात्र ओळखता आलं होतं. अर्जुना पुढं आला आणि उकिडवा बसला.

"उठा आबा. लोकं हसाय लागल्यात. गाडी मिळाली तर बाजारात यायच्या रोजच्या दोन बसगाड्या वाचत्यात माज्या."

"शर्टाखाली पट्टा बांधलायस," आबा हळू आवाजात म्हणाले. "म्हयना झाला बघतोय. रात्री कूस बदलताना कण्हतोस. डॉक्टरनं काय सांगितलंय ते अंकितानं सांगितलंय मला."

अंकिता म्हणजे अर्जुनाची बायको. त्याच्या कमरेतली चकती सरकली होती, आणि जड उचललंस तर पुन्हा उठता येणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"एक भाऊ गेलाय माजा असल्या पोत्याखाली. तू उचलाय लागलास तर माज्यासकट उचल."

कर्ण्यावरून चौथ्या स्पर्धकाला बोलावणं आलं. दोनदा आलं. अर्जुना उठला, पाठीमागं हात नेऊन एकेक पिन काढली आणि नंबरचं कापड घडी करून आबांच्या हातात दिलं. मग पोत्याला पाठ लावून खाली मातीत बसला.

शर्यत व्हायची ती झालीच. तिघं वाकून, दात खाऊन शंभर पावलांना निघाले. शेवटचा अर्ध्यावर गुडघ्यावर आला तेव्हा माणसं शिट्ट्या वाजवत होती. जिंकणाऱ्याला किल्ली देताना फोटो निघाले. वीरधवलांनी भाषणात भाऊसोंचं नाव बरेचदा घेतलं, आबांकडं मात्र एकदाही पाहिलं नाही. आबांची शाल दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर पडली. आबा बसून राहिले.

मंडप सोडायला लागले तेव्हा हळदीच्या मालक व्यापाऱ्याचा दिवाणजी आला. तीन पोती गाडीत चढली होती, हे चौथं राहिलं होतं. त्याला घरी जायचं होतं. म्हातारबांना बाजूला घे, असं तो अर्जुनाला म्हणाला.

"रिकामं पोतं आणा," अर्जुना बसल्या जागेवरनं म्हणाला. "दोन करून देतो. त्याशिवाय हे उठणार न्हाईत. मीबी न्हाई."

दिवाणजी जुना होता. त्यानं आबांकडं नीट पाहिलं, कपाळाला हात लावला आणि रिकामं पोतं आणायला गेला.

ते आलं आणि अर्जुनानं आबांच्या बाजूनं शिवण उसवून अर्धी हळद त्यात काढली, तेव्हा आबा उठायला गेले, पण पायच लागेनात. इतका वेळ बसून गुडघे धरले होते. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग अर्जुना त्यांच्यापुढं पाठ करून बसला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवरून ओढून घेतले.

"कमरेतनं नगं, गुडघ्यातनं उठ," आबा त्याच्या कानाशी म्हणाले. "झेपंल का?"

अर्जुना सावकाश, गुडघ्यातनं उठला. क्षणभर तसाच उभा राहून त्यानं पाठीवरचं वजन जोखलं.

"झेपतंय," तो म्हणाला. "पन्नासच्या आत हाय."