लाल रंगाखालची ठिपकी

मी काचेची निगेटिव्ह बोलतेय. मी फोटो नव्हे, माझ्यापासून फोटो होतो. फोटोला चौकट मिळते, खिळा मिळतो, माणसं त्याच्यासमोर मान तिरकी करून उभी राहतात. माझ्या वाट्याला पुठ्ठ्याचा खोका येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण एकाच माणसाशी आहे, आणि ते मी साठेक वर्षं नीट जपून ठेवलंय.

मला माणसं उलटी दिसतात. काळे केस माझ्यात पांढरे होतात, पांढरे कपडे काळे होतात. पण माणूस आतून कसा आहे, ते मला सरळच कळतं.

माझा जन्म एका छोट्या फोटो स्टुडिओत झाला. स्टुडिओ वडिलांचा. त्यांना दोन मुलं होती, थोरला दादा आणि धाकटी ठिपकी. तिचं खरं नाव वेगळं होतं. फोटो छापताना धुळीचे कण पडले की कागदावर पांढरे ठिपके राहतात. ते बारीक ब्रशने भरायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणायचे. ठिपके भरता भरता तिने कॅमेऱ्याचं सगळं काम कधी शिकून घेतलं, ते घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. दादाचं लक्ष बहुतेक वेळ गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशात असायचं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ठिपकी म्हणाली, "लोकांचे एवढे काढतो, आज आपल्या तिघांचा काढू या."

तिने वडिलांना खुर्चीत बसवलं, दादाला त्यांच्या मागे उभं केलं आणि स्वतः काळ्या कापडाखाली शिरली.

"बाबा, हनुवटी खाली. दादा, पोट आत."

"आतच आहे."

"मग श्वास पण घे रे, नाहीतर शेवटचा फोटो ठरेल."

वडिलांना हसू फुटलं. ते ओठांवरून जायच्या आत ती पळत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिच्या मुठीत रबरी फुगा होता. फुग्याची लांब नळी जमिनीवर उतरून वडिलांच्या पांढऱ्या बुटावरून कॅमेऱ्याकडे गेली होती. फुगा दाबला की कॅमेऱ्याची झडप उघडते. तिने दाबला. माझ्या अंगावर पहिल्यांदा उजेड पडला, आणि त्या उजेडात मला ती तिघं मिळाली.

फोटो फार सुंदर आला. फारच सुंदर आला, तिथेच घोळ झाला.

दादाला तो एका मोठ्या स्पर्धेला पाठवायचा होता, स्वतःच्या नावाने. पण फोटोत ठिपकी होती, आणि तिच्या मुठीत फुगा होता. त्याने मला खिडकीशी तिरकं ठेवलं आणि ब्रश लाल रंगात बुडवला. काचेवर जिथे तो लाल रंग बसतो तिथून उजेड पलीकडे जात नाही, आणि कागदावर ती जागा कोरी पांढरी राहते. आधी तिची मूठ गेली. मग हात गेला, मग खांदा. चेहऱ्यापाशी तो थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही. तिच्या मागची भिंतही त्याने रंगवून टाकली, म्हणजे तिथे कोणी होतं असा संशयही यायला नको. फक्त वडिलांच्या बुटावरचा नळीचा तुकडा राहिला. तो झाकायचा तर बूट गेला असता.

वडिलांनी छापलेला कागद पाहिला. "अरे, पोरगी कुठाय?"

"ती दिसली तर फुगा दिसेल, बाबा. मग विचारतील ना, फोटो काढला कोणी?"

वडिलांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "असू दे. नाव घरातच राहिलं." आणि हात धुवायला उठून गेले.

ठिपकीने तो फोटो थेट प्रदर्शनाच्या भिंतीवर पाहिला, पहिल्या बक्षिसाच्या चिठ्ठीसकट. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "दादा, मी कुठे गेले?"

"तू? तू कुठे होतीस?"

त्यानंतर तिने त्या स्टुडिओत ब्रश हातात धरला नाही. ती दुसऱ्या गावी गेली आणि तिथे पासपोर्ट फोटोंचं दुकान चालवू लागली.

इकडे दादाचं नाव झालं. जाणकार म्हणाले, "ती रिकामी जागा पाहा! केवढं धाडस!" मग दादाने फोटोला 'उणीव' असं नाव दिलं. बुटावरच्या तुकड्याचं काय करायचं, हे बरीच वर्षं कोणाला कळेना. शेवटी एका विद्वानाने लिहिलं, की तो साप आहे आणि साप म्हणजे काळ. तेव्हा मला इतकं हसू आलं होतं! पण काच हसली तर तिला तडा जातो. मी हसू आवरलं. मला टिकायचं होतं.

दादा सगळ्यांना सांगायचा, की मूळ काच केव्हाच फुटली. सांगता सांगता त्यालाही ते खरं वाटू लागलं. मी फुटले नव्हते. हा माझा पहिला सूड.

म्हातारपणी त्याने स्टुडिओतले सगळे खोके एका फोटोंच्या संग्रहालयाला देऊन टाकले. खोके उघडून पाहण्याचे कष्ट त्याने कधी घेतले नव्हते, तेव्हाही घेतले नाहीत. तळाशी मी होते.

हे संग्रहालय म्हणजे कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत भिंतीवर फोटो आहेत. दुसऱ्या खोलीत नळ, थाळ्या आणि लाल दिवा आहे. ती अंधारखोली. दर वर्षी एका नव्या कलावंताला ती वापरायला मिळते, आणि वर्षाच्या शेवटी पहिल्या खोलीतली एक भिंत मिळते. छपाईचा कागद दादा पाठवायचा. दारावर तशी पाटी होती, त्याच्या नावाची. हे सगळं एक बाई सांभाळतात. त्यांच्या पर्समध्ये पाकिटापेक्षा किल्ल्या जास्त असतात.

त्या वर्षी अंधारखोली एका चष्मेवाल्या मुलीकडे होती. तिने खोके लावताना मला बाहेर काढलं आणि दिव्याच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, ही फुटली नव्हती! आणि या लालखाली कोणीतरी आहे. पुसू?"

बाई खाली वाकल्या. त्यांना लाल रंगाच्या कडेला फ्रॉकची झालर दिसली. "दादा कागद पाठवतात म्हणून ही खोली चालते," त्या म्हणाल्या. "तुझी, आणि तुझ्यानंतर येणाऱ्यांचीही."

"म्हणजे नको?"

बाई नखाने टेबलाची कड खरवडत राहिल्या. त्या कोणता कौल देतात याकडे माझा जीव लागला होता. एवढ्या वर्षांचा माझा राग त्यांच्या एका शब्दावर टांगलेला होता.

"रंग मागच्या गुळगुळीत बाजूलाच आहे ना, चित्राच्या बाजूला नाही? मग कापूस ओला कर. आणि पिळून घे गं, पाणी गळू देऊ नकोस."

चष्मेवालीने चेहऱ्यापासून सुरुवात केली. चेहरा आला, खांदा आला, हात आला. शेवटी मूठ आली.

"अय्या, फुगा! म्हणजे फोटो हिनेच काढला!"

"आणि साप?"

"कसला साप, बाई! नळी आहे ती."

दोघी टेबल धरून हसल्या. मी इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा हसले. तडा गेला नाही.

स्टुडिओच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारून बाईंनी दादाच्या बहिणीचं नाव आणि पत्ता शोधला. वर्षाच्या शेवटी प्रदर्शनाला दादा पाहुणा म्हणून आला. भिंतीवर माझा नवा फोटो होता, तिघांचा. स्वागताला घातलेला हार गळ्यातून काढायचंही दादा विसरला.

"हे कोणी केलं?"

"तुमच्या बहिणीने," बाई म्हणाल्या. "तेव्हाच केलं होतं. आम्ही फक्त पुसलं."

"काच माझी आहे. कुठाय ती?"

मी दिव्याच्या टेबलावर होते. त्याने झडप घालून मला उचललं. बघायला नव्हे, आपटायला. पकडीवरून मला ते कळलं. पण माझी कड कोणी घासून बोथट केलेली नव्हती. मी ती त्याच्या बोटात घातली. अपघात झाला असं सगळे म्हणतात. म्हणू देत.

त्याचा हात सुटला आणि चष्मेवालीने मला वरच्या वर झेललं. माझ्यावर लाल डाग पडला होता, नेमका ठिपकीच्या चेहऱ्यावर. तिने शांतपणे ओला कापूस घेतला.

"घाबरू नका, दादा," ती म्हणाली. "हाही रंग निघतो."

सगळी खोली पाहत होती. दादा हार काढून खुर्चीवर ठेवून जिना उतरला. दुसऱ्या महिन्यापासून कागद यायचा बंद झाला. पाटीही उतरली. आता चष्मेवाली आणि तिच्यानंतरचे जुन्या कागदाचे चार चार तुकडे करून छोटे फोटो छापतात. पण खोलीत दिवा लागतो.

मग एके दिवशी ठिपकी आली. माझ्यातल्या ठिपकीचे केस पहिल्यापासून पांढरेच आहेत. आता तिचेही तसेच झालेत. आम्ही दोघी अखेर जुळलो. फोटोखालच्या चिठ्ठीवर 'छायाचित्रकार' या शब्दापुढे तिचं खरं नाव होतं. ते तिने बोटाने अक्षर अक्षर वाचलं. मग मागे सरून फोटो पाहिला आणि म्हणाली, "बाबांची हनुवटी वरच राहिली शेवटी." कोपऱ्यात एक पांढरा ठिपका होता. तिने बाईंकडून ब्रश मागून घेतला आणि तो भरला.

जाताना तिने विचारलं, "दादाच्या बोटाला फार लागलं का हो?"

मला तिचा राग आला. पण तिने विचारणं ठीक आहे. ती बहीण आहे. मी काच आहे.

आता मी खिडकीशी एका लाकडी घोडीवर उभी असते. मागे छोटा दिवा असतो. तुम्ही आलात तर आधी मला पाहा, मग फोटो पाहा, आणि प्रत्येक फोटोखाली नाव कोणाचं आहे ते वाचा. कोऱ्या जागेचं कौतुक करण्याआधी तिथे कोण उभं होतं ते विचारा.

काल बाई म्हणत होत्या, "मुलं हात लावतात, हिच्या कडेला पट्टी चिकटवायला हवी." मुलांना लांब उभं करा, बाई. पण माझी हात जोडून विनंती आहे, पट्टी लावू नका. दादा अजून हयात आहे. तो पुन्हा कधीतरी हा जिना चढेल.