अकरा दिवस बंद पडलेली गाडी

मी एक जुनी पांढरी गाडी आहे. सध्या एमरिस नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात, कोळशाच्या खोलीला टेकून उभी असते. चाकांतली हवा केव्हाच गेली. उजव्या आरशात कोळ्याने संसार थाटलाय. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मित्रांनो. एकोणीस वर्षं पळाले, पुष्कळ झालं. पण एक गोष्ट मनाला खात असते, ती आज सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अगदी चकचकीत होते. माझी पहिली मालकीण शाळेत गाणं शिकवायची. दर शनिवारी मला धुवायची, पुसायची, शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवायची. ती म्हातारी झाली आणि मी नेरिस नावाच्या बाईच्या हाती आले. नेरिसने मला फारसं धुतलं नाही. तिला तेवढी उसंतच नव्हती.

उत्तर वेल्सच्या या डोंगरांत, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींच्या आसपास, एकेकटी म्हातारी माणसं राहतात. त्यांना सकाळी उठवायचं, आंघोळ घालायची, औषध द्यायचं, रात्री पुन्हा निजवायचं, हे नेरिसचं काम. पहाटे सहाला निघायची, रात्री नऊला परतायची. पण मित्रांनो, पगार मिळायचा तो फक्त घरातल्या मिनिटांचा. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत मी तिला घाटातून नेत असे, त्या वेळेचा छदाम मिळत नसे. ती ज्या तासांत सर्वांत जास्त दमायची, ते तास कागदावर नव्हतेच.

आणि नेमका कागदच लागणार होता. नेरिसचा नवरा लुत्फी ट्युनिशियात, महदिया नावाच्या बंदरात होड्या बांधायचा. नेरिस तिथे इंग्रजी शिकवायला गेली, तिथेच लग्न झालं. मग आई आजारी पडली म्हणून ती परतली. आई गेली, रिकामं घर उरलं. लुत्फीला इथे आणायचं तर व्हिसासाठी नेरिसला वर्षाला अठरा हजार सहाशे पौंडांची कमाई दाखवायला हवी होती, ओळीने सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवर. नेरिसला हे काम ऑक्टोबरात लागलं. म्हणजे मार्चअखेर सहा महिने भरणार. अकरा एप्रिलपासून तोच आकडा एकोणतीस हजार होणार होता. दोन तारखांच्या मध्ये दहा दिवस होते, आणि नेरिसची चाळिशी जवळ आली होती.

या आकड्यावरून देशभर वाद चालला होता. एकदा माझ्यातल्या रेडिओवर तोच ऐकू आला. शेजारच्या सीटवर एमरिस होता. जन्मभर खाणीत राबलेला, छातीत धूळ साचलेला. नेरिस त्याला दवाखान्यात नेत होती.

"बरोबर आहे सरकारचं," एमरिस खोकत म्हणाला. "बाहेरून माणूस आणायचं तर पोसायची ऐपत पाहिजे. माझ्या करावर किती जणांनी जगायचं?"

"तुम्हाला मोजे घालणारीची ऐपत किती आहे, माहीत आहे का?"

"तुझं वेगळं आहे, पोरी."

"कायद्याला ते वेगळं कळत नाही, एमरिस. आणि तो सुतार आहे. हात चालतात त्याचे."

"मग तिकडेच चालव म्हणावं."

"तुमचं तोंड चालतं तेवढे चालले तरी दोघं पोटभर खाऊ."

म्हातारा हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तिने मला थांबवून त्याला पाणी पाजलं.

आता माझा गुन्हा. शरद ऋतूतच गॅरेजवाल्याने बजावलं होतं की इंजिनचा पट्टा जुना झालाय, बदलून घ्या. "मार्चनंतर करू," नेरिस म्हणाली. अर्जाच्या फीसाठी ती पैसे साठवत होती. मी जीव मुठीत धरून चालत राहिले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घाटाच्या चढावर तो पट्टा तुटला. अकरा दिवस मी गॅरेजमध्ये पडून होते. या डोंगरात बस नाही. गाडी नाही म्हणजे घरं नाहीत, घरं नाहीत म्हणजे पगार नाही. मार्चअखेर हिशेब झाला तेव्हा सहा महिन्यांच्या कमाईत एकशे बारा पौंड कमी पडले. पुढचं पगारपत्रक मिळणार होतं एप्रिलअखेर, अकरा तारीख उलटून गेल्यावर.

एमरिस काठी टेकत माझ्या खिडकीशी आला. "दोनशे देतो. घे."

"दिलेलं चालत नाही. कमावलेलं लागतं."

"मग मी लिहून देतो. त्याला मी पोसेन."

"तेही चालत नाही."

"हे कसलं त्रांगडं?"

"तुम्हाला पटलं होतं तेच," नेरिस म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि म्हाताऱ्याला तेच जास्त लागलं असावं. तो बराच वेळ माझ्या टपावर हात ठेवून उभा होता.

त्या संध्याकाळी माझ्यात बसूनच तिने लुत्फीला फोन केला.

"आता एकोणतीस हजार लागतील," ती म्हणाली.

"मग किती वर्षं?"

"या कामात? कधीच नाही."

तिने फोन खाली ठेवला. नेरिस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मला तेव्हा भंगारात गेले असते तर बरं, असं वाटलं.

ऑगस्टमध्ये ती महदियाला निघून गेली. मला कोणी विकत घेईना, म्हणून एमरिसच्या अंगणात लावलं.

तेव्हापासून एमरिसकडे रोज वेगळं माणूस यायचं. कधी नऊला, कधी अकराला. कधी कोणीच नाही. मागच्या थंडीत एका सकाळी तो सपाता घालून, भिंत धरत बाहेर आला आणि माझं दार उघडून बसला. दुपारी टपालवाली आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

"इथे काय करताय?" तिने विचारलं.

"आत वाट पाहून कंटाळलो. इथून रस्ता दिसतो."

त्याला दवाखान्यात घेऊन गेले, ते अजून परत आणलेलं नाही. घराला कुलूप आहे.

मित्रांनो, तुम्हाला हाताला धरून उठवणारं जे माणूस दाराशी येतं, त्याच्या घरी कोण आहे, हे वेळेवर विचारा. आणि आपल्या गाड्यांची काळजी घ्या, तेही सांगते. माझा पट्टा वेळेत बदलला असता तर नेरिसचं घर इथे उभं राहिलं असतं, असं मी रोज स्वतःला बजावते. पण एका पट्ट्यावर नवराबायकोचं घर टांगून ठेवावं, हे मला, निव्वळ लोखंडाला, अजून पटलेलं नाही.