झिम्मा

मीरा सामंतने 'झिम्मा' हा फॉन्ट काढला तो मुलांच्या पुस्तकांसाठी. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून ती वसईतल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत कितीतरी महिने अक्षरं घोटत बसली होती. शिरोरेषा तिने कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सैल सोडली आणि अक्षरं तिला लोंबकळवली. 'ठ'चा फुगा केला, 'ड'चं पोट पुढे काढलं, 'र'ला लाथ मारायला लावली. अनुस्वार म्हणजे हवेत उडालेला चेंडू. तिचे सासरे हरेश्वर निवृत्त चित्रकला शिक्षक. ते रोज संध्याकाळी कागद डोळ्यांजवळ धरून म्हणत, "छान! पण 'ळ' अजून हसत नाही हो."

शेवटी 'ळ'ही हसला. मीरा मोठ्या उमेदीने मुंबईच्या एका प्रकाशकाकडे गेली. त्याने चष्मा वर करून नमुना पाहिला. "बाई, पुस्तक मुलांचं आहे. त्याची चेष्टा करून कसं चालेल?"

हिरमुसून तिने फॉन्टची फ्लॉपी स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्या पास्कलला देऊन टाकली. "बारशाला, मुंजीला वापर," एवढंच म्हणाली. पास्कल भला माणूस, पण कधी काय वापरावं याचा पोच जरा कमी.

पुढे एका रविवारी ती पाचूबंदरला मासळी घ्यायला गेली आणि जेटीच्या भिंतीपाशी थबकली. भिंतीवर कागद होता: 'दुःखद निधन'. झिम्मात! 'दुःखद'मधल्या विसर्गाचे दोन चेंडू एकमेकांवर टप्पे खात होते आणि 'निधन' दोरीवर झोके घेत होतं. खाली सॅन्टन नावाच्या बोटमालकाचा फोटो, अंत्यविधीची वेळ, चर्चचं नाव. मासळी न घेताच ती पास्कलच्या दुकानात धडकली.

"अरे, मेलेल्या माणसाला लाथा मारणारा 'र' लावलास?"

"मॅडम, घाई होती. मशीनवर तोच उघडा होता." पास्कल ओशाळला, मग म्हणाला, "पण लांबून कसा उठून दिसतो ना?"

मीराला राहवेना. चार दिवसांनी ती सॅन्टनच्या घरी माफी मागायला गेली. त्याची बायको मार्गारेट दारात जाळं बाजूला सारून उठली, सगळं ऐकलं आणि तिलाच बसायला खुर्ची दिली.

"माफी कसली, बाय? मेल्याचा कागद लागतो, कोन थांबतो वाचायला? आमच्या सॅन्टनचा कागद समद्यांनी उभं राहून वाचला. मिस्साच्या प्रार्थनेला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती." मग पदराने डोळे टिपत ती हसली. "आनि तो जिता होता तवा असाच चालायचा. वाकडातिकडा."

मीरा आली होती त्याहून हलकी होऊन परतली. इथेच हे प्रकरण मिटलं असतं. पण त्या भरलेल्या देवळाची बातमी गावभर झाली होती. पुढच्या मयताची माणसं पास्कलकडे येऊन म्हणाली, "सॅन्टनला लावली ती अक्षरं लावा." त्यांचं पाहून त्याच्या पुढच्यांनी मागितली. मग दशक्रियेचे कागद, शोकसभांची पत्रकं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फलक. फ्लॉपीवरून फ्लॉपी होत झिम्मा नालासोपारा ओलांडून विरारला पोचला. एखाद्या भिंतीवर ती सैल दोरी लांबून दिसली तरी सायकलवरची माणसं खाली उतरू लागली.

मीरा आधी चिडली, मग रडली. नवरा श्रीरंग बँकेत होता. त्याने आपल्या परीने समजूत घातली, "एक बरं आहे, याची मागणी कधी कमी व्हायची नाही."

मग हरेश्वरांची पंचाहत्तरी आली. निमंत्रण झिम्मातच हवं, असा त्यांनी हट्ट धरला. "माझ्या सुनेची अक्षरं आहेत, आणि मला 'ळ' आवडतो." वर ठळक 'हरेश्वर सामंत', मधे त्यांचा हसरा फोटो, खाली बारीक अक्षरांत जेवणाचा आग्रह.

समारंभाच्या दिवशी सकाळीच बेल वाजली. हरेश्वरांनीच दार उघडलं. बाहेर सांडोरचे ॲन्सेल्म उभे होते, त्यांच्या शाळेतले जुने सहकारी. काळा कोट, हातात पांढऱ्या फुलांचं चक्र.

"सर... तुम्ही?"

"मीच. या ना आत."

ॲन्सेल्मनी चक्र पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण ते चांगलं परातीएवढं होतं. "अक्षरं बघितली, फोटो बघितला," ते चाचरत म्हणाले, "पुढं वाचवलंच नाही हो." आणि हरेश्वरांचा हात धरून ते रडायलाच लागले.

मीरा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हरेश्वर मात्र खुलले होते. दुपारपर्यंत आणखी बरेच जण पांढऱ्या कपड्यांत आले. प्रत्येकाला त्यांनी स्वतः दार उघडलं, आपल्याबद्दल काय बोलायचं ठरवून आला होतास ते सविस्तर वदवून घेतलं आणि मगच पानावर बसवलं. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, तेही आले होते. नुसत्या वाढदिवसाला ते फिरकले नसते, हे मीरालाही कबूल करावं लागलं.

पास्कल शेवटच्या पंगतीला बसला. मीरा श्रीखंड वाढायला वाकली तशी तो हळूच म्हणाला, "मॅडम, वाढदिवसा-बारशाला चालेल असा एखादा हसरा फॉन्ट काढा ना. झिम्मा कसा, जरा गंभीर पडतो."