धुपाटण्याचं झाकण

चौसष्ट सालच्या त्या हंगामात अकोल्याला खुशालरावांच्या कापसाच्या जिनमध्ये दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. टांगे फाटकाबाहेर, चपलांचा ढीग फाटकात आणि माणसं गठाणींच्या नव्या गोदामात. वरूडचे लोक संत्र्यांच्या करंड्या घेऊन येत. पाहायचं काय, तर एक घंटा. भिंतीवर उंच बसवलेली, लाल, ताटलीएवढी. तिला दोरी नाही आणि वाजवणारा कोणी नाही. धुनीनाथ महाराज तिला प्रश्न विचारत आणि ती कौल देई. वाजली तर देवीचा होकार, गप्प राहिली तर नकार.

"पोरगी तिवस्याले देऊ काय, बाबा?" एखादा विचारी.

महाराज डोळे मिटत. धुपाटण्यातून दाट वलयं उठत. "बोल, माय. लेकरू विचारून राहिलं." थोड्या वेळानं घंटा ठणठणू लागे, आणि पोरीचं नशीब तिवस्याला पक्कं होई.

मी शाळेतला मास्तर, आणि कीर्तनाचा वेडा. राममंदिरात मोरोपंतबुवा उभे राहिले की मागची झांज माझ्या हातात. देवाच्या नावानं माझे डोळे चटकन भरतात हे गावाला ठाऊक, म्हणून खुशालराव मला स्वतः न्यायला आले. "तुमी भाविक माणूस, मास्तर. एकदा कानानं ऐका."

ऐकलं. डोळे काही भरले नाहीत. बुवा गातात तेव्हा देव बोलत नाही, तरी ऐकू येतो. इथे इतका ठणाणा चालला होता, पण मला स्टेशनच्या फलाटावर बसल्यासारखं वाटत होतं.

"खुशालराव, ही घंटा बसवली कोणी?"

"मुंबईचे मिस्त्री उन्हाळ्यात बसवून गेले. विम्यावाल्यायची अट होती. धूर झाला का वाजते म्हणे."

"मग वाजतेच आहे की."

"धूर कोठी हाय, मास्तर? हा तं धूप हाय." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "धूर चुलीचा, धूप देवाचा. हेबी तुमाले सांगा लागते काय?"

सारं गाव ह्या एका भेदावर हात जोडून उभं होतं. दसऱ्याला हंगामाची पहिली गठाण पुजली, निखाऱ्यावर राळ आणि गुग्गुळ पडला आणि घंटा पहिल्यांदा वाजली. पूजेला आणलेले धुनीनाथ तेव्हा पाटावरून टुणकन उठले होते, हे जानराव मुकादमानं डोळ्यांनी पाहिलं. पण मेळघाटात वाघाशेजारी तप केलेला माणूस सावरायला कितीसा वेळ लावणार? "आली, माय आली," म्हणत ते परत बसले, आणि तेव्हापासून त्यांचं आसन तिथंच राहिलं, घंटेच्या यंत्राकडे हवा खेचणाऱ्या नळाच्या जाळीखाली.

एवढ्यावर मी हसून घरी आलो असतो. पण महाराजांनी एक नेम घालून दिला होता. घंटा वाजली की ज्यानं त्यानं जागच्या जागी बसायचं, डोळे मिटायचे आणि ती थांबेपर्यंत हलायचं नाही. हलेल त्याचा वंश बुडेल. त्याच गोदामात बाया दिवसभर गठाणींचं बारदान शिवत आणि त्यांची लेकरं तिथंच झोळ्यांमध्ये निजत. त्यांतल्या पार्बताबाईचा गोवर्धन तर नुकता पालथा पडायला लागला होता.

दिवाळीनंतर माझा भाचा उद्धव मुंबईहून आला. विमा कंपनीसाठी अशी यंत्रं तपासणं हेच त्याचं काम. नळात धूर सोडायचा आणि घंटा वाजते का ते पाहायचं. भर दुपारी आम्ही दोघं गोदामात गेलो. त्यानं धुमसती सुतळी जाळीपाशी धरली. घंटा वाजली.

यंत्र पास झालं, माणसं नापास झाली. बायांनी सुया बारदानात टोचल्या तशाच सोडल्या, खाली बसल्या आणि डोळे मिटून हात जोडले. पार्बताबाई झोळीपासून हातभर अंतरावर होती, पण तिनं झोळीकडे मानसुद्धा वळवली नाही.

उद्धवनं सुतळी बादलीत बुडवली. त्याचा चेहरा उतरला होता. "मामा, गठाणीत दबलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते. आधी धूर येतो, जाळ मागून. मधे पळायला मिळतो तेवढाच वेळ ह्यांच्या जिवाचा. आणि तोच ह्या डोळे मिटून बसणार."

घंटा थांबली. पार्बताबाईनं डोळे उघडले. "गेली काय जी माय?"

पुढच्या गुरुवारी उद्धव सगळ्यांसमोर उभा राहिला. "महाराज, आज आसन समोरच्या भिंतीला घ्या."

"बेटा, सिद्ध आसन हलत नसते. सूर्याले कोणी सरक म्हणते काय?"

"बरं, मग धुपाटण्यावर झाकण राहू द्या आणि घंटा वाजवून दाखवा."

महाराजांचा हात झाकणाकडे गेला आणि मधेच थांबला. मुकादमाची बायको गोदाबाई पुढच्याच ओळीत होती. ती शेजारणीला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "हो वो. 'नाई' म्हणायचं असलं का हे झाकण ठेवतेत. मले वाटे निखारा राखून राहिले."

"अश्रद्धेच्या सावलीत माय बोलत नसते," महाराज म्हणाले.

"मग कोणाशी बोलते ते पाहू. मुकादम, बिडी आहे?"

जानराव चपापला. "गोदामात बिडी मना हाय, साहेब."

"आज मी आहे. बादलीही आहे."

जानरावनं बिडी शिलगावली आणि लागोपाठ चार झुरके जाळीत सोडले. घंटा ठणठणली. सगळा समुदाय खाली बसला. एकटा जानराव बिडी धरून उभा. "मी तं फक्त बिडी ओढून राहिलो," तो म्हणाला.

महाराजांना तेवढं पुरलं. "पाहा, लोकहो. माय त्याच्या मुखातून बोलली. हा माणूस शुद्ध हाय, असा तिचा कौल हाय."

जानरावला ते गोड लागलं. "हे बरोबर ओळखलं मायनं. आता तिलेच इचारतो, म्या गोदीवर कधी हात उचलला काय? नसंल उचलला तं वाजंल." आणि घंटा थांबल्यावर त्यानं स्वतःच पुन्हा जाळीत झुरका सोडला. घंटा वाजली.

गोदाबाईनं डोळे उघडले. घंटा चालू असताना, वंश बुडायची भीती असताना, ती उठून उभी राहिली आणि दंडावरचा पदर तिनं बाजूला केला. वळ अजून काळानिळा होता.

"हे घंटी खोटं बोलून राहिली," ती म्हणाली. "परवाचा हाय हा. देवी असती तं तिले दिसला असता. उठा वो बायाहो."

जानरावची बिडी बादलीत चुर्र झाली. त्यानं मान वर केली नाही.

उद्धवनं नळाचं दार उघडलं आणि पार्बताबाईला शिडीवर बोलावलं. आत एक छोटा दिवा होता, समोर एक काच. "ह्या दिव्याचा उजेड त्या काचेवर पडतो तोवर घंटा गप्प. मधे काही आलं की वाजते. तुमचा पदर धरा मधे." तिनं धरला. ना धूप, ना धूर, तरी घंटा वाजली. पदर काढल्यावर गप्प झाली.

ती शिडीवरच थांबली. "म्हंजे इतके दिवस हे 'भाईर पया, पया' म्हणून राहिली होती, अन् आमी बसून राहिलो?"

ह्यानंतर महाराजांना मेळघाटात परतायला धारणीच्या मोटारीची घाई झाली. खुशालराव माझ्यापाशी आले. "मंग मास्तर, धूप म्हंजे धूरच?"

"राळ जळते, तिचा धूरच होणार. मीही रोज देवापुढे धूप जाळतो. त्यातला भाव माझा, धूर राळेचा."

त्या दिवसापासून घंटा वाजली की लेकरं उचलून अंगणात जायचं, असा नवा नेम झाला. पौषात एक गठाण खरोखरच आतून धुमसली. आग विझली तेव्हा गोदामाचं छप्पर काळं पडलं होतं आणि गोवर्धन अंगणात कडुनिंबाखाली बोट चोखत होता.

वाचकहो, देव मानू नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माझी झांज अजून सुटलेली नाही. पण जो कोणी तुम्हाला डोळे मिटून बसायला सांगतो, त्याच्याकडे आधी नीट डोळे उघडून पाहा. हात जोडायला नंतरही वेळ असतो.

माघात राममंदिरात कीर्तन होतं. मोरोपंतबुवा रंगले, आरती सुरू झाली, पुजाऱ्यानं घंटा वाजवली. पार्बताबाईनं गोवर्धनला उचललं आणि ती तडक बाहेर गेली. बुवा थांबले, माझी झांजही थांबली. तिनं धूर दिसतो का म्हणून गाभाऱ्यामागे पाहिलं, आवारातल्या धुनीच्या ओट्यापाशी पाहिलं आणि परत येऊन जागेवर बसली.

"पाहून आली," ती म्हणाली. "काई नाई. चालू द्या, बुवा."