सौमित्रच्या मागोमाग शौनक

लोणारच्या एका शाळेत नीळकंठ क्लार्क होता. थोरला सौमित्र पाच वर्षांचा असताना त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या होत्या, की आळीतले लोक म्हणायचे, "हा पहिलवान होणार, पाहा." आपल्या काटकुळ्या अंगाकडे बघत नीळकंठ सुखावून हसायचा.

मग पोरगं पडायला लागलं. सपाट रस्त्यावर पडे, आणि उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत कसंबसं उभं राही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्याच पोटऱ्या दाबून पाहिल्या. "ही ताकद नाही," ते म्हणाले. "स्नायू मरतात आणि तिथं चरबी भरते. हा आजार बरा होत नाही. आईकडून मुलग्यांत येतो. धाकट्याचंही रक्त तपासून घ्या."

धाकट्या शौनकलाही तोच आजार निघाला. परतीच्या बसमध्ये नीळकंठची बायको पद्मजा लोणार येईपर्यंत शौनकच्या पोटऱ्या दाबून पाहत राहिली.

तरी घरात हसू नव्हतं असं नाही. दहाव्या वर्षी सौमित्रचं चालणं सुटलं, तेव्हा नीळकंठ त्याला पाठीवर घेऊन शाळेत नेई. संध्याकाळी ओट्यावर खुर्चीत बसून सौमित्र गल्लीतल्या क्रिकेटची कॉमेंट्री करी. "अविनाश धावत निघाला आहे, पण त्याची चप्पल त्याच्या आधी पोचली आहे." शौनक तेव्हा चालत होता. तो हसता हसता पडे, आणि पडल्यापडल्याच हसत राही. ते दिवस आठवले की नीळकंठला वाटे, इतर बापांपेक्षा आपल्याला काही कमी मिळालं नाही.

सौमित्र एकोणिसाव्या वर्षी गेला. शेवटचे बारा दिवस दवाखान्यात, तोंडात श्वासाची नळी. जन्मभर बोलणारं पोरगं एक शब्द न बोलता गेलं.

आता शौनक सतरा वर्षांचा होता. एका रविवारी सकाळी त्यानं चहाचा कप अर्ध्यावर उचलला आणि खाली ठेवला. "नको मले."

सलग तिसरा दिवस होता. नीळकंठ जवळ जाऊन बसला.

"बाबा, दादाचं असंच झालं होतं ना? आधी हात?"

या प्रश्नाला नीळकंठकडे वर्षानुवर्षं एक तयार उत्तर होतं: तुझं वेगळं आहे, नवीन औषधं निघून राह्यली. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

"हो," तो म्हणाला.

"मंग किती दिवस?"

"दोन वर्षं होता तो."

शौनकनं शेजारच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. "मले नळी नाही घालायची. घरीच राहू द्या मले."

नीळकंठनं खोलीभर पाहिलं. दोन्ही खाटा त्यानंच शेजारीशेजारी टाकल्या होत्या, भावाला भावाची सोबत म्हणून. त्या सोबतीत धाकट्यानं आपलं पुढचं सगळं आधीच पाहून घेतलं होतं. बापानं पोरांना शिकवायचं असतं. आपण या पोराला हेच शिकवलं, असं त्याच्या मनात आलं.

"नाही घालू," तो म्हणाला, आणि कप उचलून त्याच्या ओठांना लावला. चहा निवला होता. शौनक सगळा प्याला.

दुपारी नीळकंठनं पद्मजाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यानं मले दिवाळीतच विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तुम्ही हो म्हणून आले?"

"त्याले खोटं काय सांगू?"

"माझ्या रक्तानं दोन्ही लेकरं खाल्ली. उरलेलं एक असंच जाऊ देऊ म्हणता?"

त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतंही राहिलं नाही. शौनकची कूस बदलायला मात्र दोघं लागतात. ती खांदे धरते, तो पाय धरतो. कधी वळवायचं ते शौनक सांगतो.